ओल्या फडक्याची रेघ

बाटल्यात गॅस किती उरलाय हे बघायची आईची एक पद्धत होती. फडकं ओलं करायचं, अर्धवट पिळायचं आणि बाटल्यावरून वरपासून खालपर्यंत एकदाच फिरवायचं. मग कमरेवर हात ठेवून वाट बघायची. मिनिटाभरात बाटल्याचा वरचा भाग सुकायचा, खालचा ओलाच राहायचा आणि दोहोंच्या मधे एक आडवी रेघ उमटायची. "अजून वीतभर आहे," आई म्हणायची आणि निर्धास्तपणे पुरणाची डाळ चढवायची. ही युक्ती तिला कुणी शिकवली ते तिलाही आठवत नाही. चेंबूरच्या आमच्या चाळीत सगळ्याच बायका असं करायच्या.

रेघेच्या खाली पातळ गॅस, वर नुसती वाफ. पातळ गॅस आतून उष्णता ओढून घेतो, म्हणून खालचा पत्रा गार राहतो आणि पाणी उशिरा सुकतं. एवढंच. पण या रेघेबद्दल मी पुढे इतकं ऐकलं आणि वाचलं की आता कुठलीही टाकी दिसली, की माझी नजर आपोआप तिच्या पोटावरची रेघ शोधते. रेल्वेच्या वाघिणीवर, घाटात समोर रांगणाऱ्या टँकरवर, हॉटेलच्या मागच्या गल्लीत साखळीने बांधून ठेवलेल्या बाटल्यांवर.

याला कारण बाबा. माहुलच्या बाजूच्या एका कारखान्यात ते फायरच्या खात्यात होते. आमच्या गच्चीवरून त्या बाजूचे पांढरे गोळे दिसायचे. लोखंडी पायांवर उभे, पोटाला वळसा घालून जाणारा जिना. लहानपणी मला त्या पाण्याच्या टाक्या वाटायच्या. एकदा मी बाबांना विचारलं, एवढा गॅस त्यात मावतो कसा? ते म्हणाले, "गॅस नाही गं, लिक्विड आहे. गॅस म्हणून ठेवला असता तर असले अडीचशे गोळे लागले असते." आकडा त्यांनी तोंडावर फेकला असावा असं मला वाटलं होतं. नंतर पाहिलं, तर प्रोपेन, म्हणजे याच गॅसातला एक घटक, पातळाचा गॅस झाला की साधारण २७० पट फुगतो. बाबा हिशेबात कंजूषच होते.

मी आठवीत असतानाची गणेशचतुर्थी. नवीन बाटल्याचा नंबर लावून दोन आठवडे होऊन गेले होते, आणि नेमके मोदक उकडायला ठेवल्यावर शेगडी मंदावली. समोरच्या वैनी मदतीला आलेल्या. त्या म्हणाल्या, "थांबा, आमच्याकडे करतात तसं करू." दोघींनी मिळून बाटला परातीत उभा केला आणि परातीत कढत पाणी ओतलं. ज्योत खरंच वर आली. तेवढ्यात बाबा रात्रपाळीवरून आले. चपलाही न काढता त्यांनी आधी शेगडी बंद केली, रेग्युलेटर बंद केला, बाटला परातीतून उचलून कोपऱ्यात ठेवला आणि मग पाय धुवायला गेले. ओरडले नाहीत. वैनी त्यानंतर बाबा घरी असताना आमच्याकडे येईनाशा झाल्या. मोदक रॉकेलच्या स्टोव्हवर उकडले, आणि आईने तो राग दसऱ्यापर्यंत धरून ठेवला.

परातीतल्या पाण्याने बाटला फुटत नाही, हे बाबांनाही ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं होतं की आज कढत पाणी घालणारा माणूस उद्या बाटला आडवा करतो. आडवा केला की रेग्युलेटरमधून वाफेऐवजी पातळ गॅसच बाहेर येतो आणि शेगडीवर हातभर ज्वाळा उठते. परवा तोच माणूस खालून पेटता कागद धरतो. असा इसम त्यांनी पाहिलेला होता. मुंब्र्याच्या एका लग्नघरात, आचारी.

त्याच दिवशी दुपारी, बहुधा आईची समजूत घालायला, त्यांनी आम्हाला एक प्रयोग करून दाखवला. वहीचा कागद दुमडून त्याचा द्रोण केला, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि चिमट्यात धरून स्टोव्हच्या ज्योतीवर ठेवला. कागद जळला नाही. पाणी उकळायला लागलं, बुडबुडे आले, तरी खालचा कागद नुसता ओला. मग त्यांनी द्रोण जरा तिरका केला आणि ज्योत पाण्याच्या वरच्या कोरड्या कागदाला लागली. तिथे आधी तपकिरी डाग आला, मग काळा, मग भोक. भोकाची वरची कडा पेटली.

"आता हा कागद म्हणजे लोखंड समज," बाबा म्हणाले.

टाकी फुटण्याची सगळी गोष्ट त्या द्रोणात होती. टाकीखाली आग लागली, की पातळ गॅसाने भिजलेला पत्रा टिकून राहतो, कारण आतलं लिक्विड उकळताना उष्णता ओढून घेतं. रेघेच्या वर मात्र नुसती वाफ. वाफेला पत्रा गार ठेवता येत नाही. ज्वाळा तिथे चाटायला लागली, की पोलाद काही मिनिटांत तापतं, आणि ६०० अंशांच्या आसपास त्याची निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते. आतला दाब तोच असतो, पण तो पेलणारं अंग मऊ झालेलं असतं. मग तिथे फुगवटा येतो, फुगवट्यावर पत्रा पातळ होतो आणि एक चीर पडते. त्या क्षणी आतला सगळा दाब एकदम नाहीसा होतो. ही सुटका वाटेल, पण खरा अनर्थ त्यापुढेच सुरू होतो.

कारण ते लिक्विड केवळ दाबामुळे लिक्विड राहिलेलं असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. चेंबूरच्या उन्हात ३५ अंशांवर तो टाकीत पातळ राहतो, तो फक्त पोलादाच्या धाकाने. धाक गेला, की सगळं एकदम उकळतं, आणि तेही नुसतं पृष्ठभागावरून नाही, आतून बाहेरून, एका दमात. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्येही थोडीफार हीच चाल आहे. शिटी होत असताना आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास असतं. झाकण जबरदस्तीने उघडलं तर वरण छताला लागतं, ते वरणाच्या रागामुळे नाही. आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊ पाहतं म्हणून. कुकरातलं पाणी निदान पेट तरी घेत नाही. टाकीतला गॅस वाफ आणि तुषारांचा ढग होऊन उसळतो, बाजूची आग त्याला लागते आणि त्याचा गोळा होऊन वर चढतो.

याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे: बॉइलिंग लिक्विड एक्स्पांडिंग व्हेपर एक्स्प्लोजन. आद्याक्षरांवरून ब्लेव्ही. १९५७ साली अमेरिकेतल्या फॅक्टरी म्युच्युअल या विमा कंपनीच्या तीन अभियंत्यांनी हे नाव पाडलं. बाबांच्या खात्यात त्याचं 'बिलेवी' झालं होतं. "बिलेवीचं ट्रेनिंग" म्हटलं की ते दोन दिवस घरी गप्प असायचे.

आगीच्या गोळ्याचा अंदाज बांधायचं एक ढोबळ सूत्र अभियंत्यांकडे असतं: किलोतल्या वजनाचं घनमूळ काढायचं आणि त्याला ५.८ ने गुणायचं, की गोळ्याचा व्यास मीटरमध्ये मिळतो. आमचा १४.२ किलोचा घरगुती बाटला भरलेला असताना असा फुटला, तर गोळा साधारण १४ मीटरचा होईल. आमची खोली बारा बाय दहा फुटांची होती. रस्त्यावरचा १७ टनांचा टँकर घेतला, तर गोळा दीडशे मीटरच्या आसपास जातो आणि दहाबारा सेकंद जळत राहतो. दहाबारा सेकंद म्हणजे काय, ते एकदा घड्याळ लावून शांत बसून बघावं. फार वेळ असतो तो.

पण माझं मन अडकतं ते गोळ्याच्या आधीच्या वेळात.

फ्रान्समधल्या लियों शहराच्या दक्षिणेला फेझां नावाचं गाव आहे, तिथे तेलशुद्धीकरण कारखाना. ४ जानेवारी १९६६, पहाटेची वेळ, कडाक्याची थंडी. प्रोपेनच्या १२०० घनमीटरच्या एका गोळ्याच्या तळाशी साचलेलं पाणी काढायचं नेहमीचं काम चालू होतं. एका नळीवर दोन झडपा, एकीखाली एक. त्या उघडायचा क्रम चुकला. दाबातून सुटलेला प्रोपेन इतका गार होतो की वाटेत बर्फ धरतो. तसा तो धरला, मग एकाएकी सुटला आणि मागून प्रोपेनचा लोट आला. झडप परत बंद होईना. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत धुक्यासारखा पसरत शेजारच्या रस्त्यापर्यंत पोचला आणि तिथल्या एका मोटारीने तो पेटला. आग उलट धावत गोळ्याखाली आली.

पुढचा भाग वाचताना दर वेळी माझा हात पानावर थांबतो. अग्निशमन दलाचे लोक आले. त्यांनी पाण्याचे फवारे बहुतेक शेजारच्या गोळ्यांवर धरले, ते तापू नयेत म्हणून. जळत असलेल्या गोळ्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, दाब वाढला की तो उघडेल, तेव्हा हा गोळा काही फुटायचा नाही, असा त्यांचा समज होता. तो भाबडा समज नव्हता, त्या काळी जाणकारही तसंच धरून चालायचे. व्हॉल्व्ह उघडलाही. त्यातून निघालेल्या गॅसची मशाल वर जळू लागली. आग लागल्यापासून सुमारे दीड तासाने गोळा फुटला. १८ माणसं गेली, त्यातली ११ अग्निशमन दलातली.

व्हॉल्व्हने त्याचं काम चोख केलं होतं. दाब त्याने वाढू दिला नाही. पण दाब सोडणं म्हणजे गॅस सोडणं, गॅस सुटला की आतलं लिक्विड उकळून कमी होतं, आणि लिक्विड कमी झालं की रेघ खाली येते. रेघ खाली आली की कोरडा पत्रा वाढतो. ज्या झडपेवर सगळे विसंबून होते, तीच झडप दीड तास गोळ्यातली ओल कमी करत होती. हे लक्षात आलं तेव्हा मी नोकरीला लागले होते, लोकलमध्ये खिडकीशी बसून वाचत होते, आणि कुर्ला कधी गेलं ते मला कळलं नाही.

घरी येऊन बाबांना विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, "आम्हाला शिकवतातच ते. आवाज चढत गेला की मागे." म्हणजे काय? व्हॉल्व्ह उघडला की शिटीसारखा, गर्जनेसारखा आवाज येतो. तो एकाच सुरात राहिला तर पाणी मारत राहा. तो चढत गेला किंवा पत्र्याचा रंग बदलला, तर होजपाइप तिथेच टाकून निघायचं. ज्वाळा पत्र्याला जिथे चाटतेय तिथे मिनिटाला दोनेक हजार लिटर पाणी सतत पडत नसेल, तर तिथे उभं राहायचंच नाही. "आणि पाणी कमी पडलं तर?" मी विचारलं. "तर माणसं लांब न्यायची आणि जळू द्यायचं," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

बाबांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकही टाकी फुटताना पाहिली नाही. व्हॉल्व्ह उघडलेला एकदाच ऐकला, मे महिन्यातल्या एका दुपारी, आग वगैरे काही नसताना. अर्ध्या मिनिटात तो आपोआप बसला. पण तेवढ्यात जेवणाच्या डब्यांसकट सगळी पाळी फाटकाबाहेर होती, असं ते हसत सांगायचे. स्वतः कुठल्या बाजूला धावले ते मात्र सांगायचे नाहीत. त्यांच्या मित्राने बाबांच्या निरोप समारंभात ते सांगितलं, तेव्हा आई रडली. त्याबद्दल इथे एवढंच.

आणि रेघेच्या वर जितकी जागा रिकामी तितकं वाईट, असं म्हणावं, तर स्पेनमधली गोष्ट नेमकी उलटी आहे. ११ जुलै १९७८. भूमध्य समुद्राच्या काठी, आल्कानार गावाजवळ लोस आल्फाकेस नावाचा तंबूंचा तळ. जुलैची दुपार, जेवणाची वेळ, युरोपभरातून सुटीला आलेली कुटुंबं. शेजारून किनाऱ्याचा जुना रस्ता जातो. टोल भरावा लागणारा महामार्ग सोडून त्या रस्त्याने प्रोपिलीनचा, म्हणजे प्रोपेनसारख्याच पेटणाऱ्या गॅसाचा, एक टँकर तारागोनाहून निघाला होता. परवानगी सुमारे १९ टनांची, भरलेले २३ टनांहून अधिक. दाब सोडायला टाकीवर झडपच नव्हती. तिथे रेघही नव्हती, कारण टाकी गळ्यापर्यंत भरलेली. उन्हाने तापून लिक्विड फुगलं, त्याला फुगायला जागा नव्हती, आणि लिक्विड काही दाबलं जात नाही. अडीच वाजून गेल्यावर टँकर त्या तळाच्या शेजारीच फुटला. २०० हून अधिक माणसं मेली. बहुतेकांच्या अंगावर पोहण्याचे कपडे होते, आणि आगीपुढे कपड्यांनाही थोडी किंमत असते.

आपल्या बाटल्यात गॅस सुमारे ८५ टक्क्यांपर्यंतच भरतात, तो याचसाठी. ग्राहकाला वाटतं बाटला कमी भरलाय. वजनकाटा आणा म्हणून भांडायला हरकत नाही, भांडावंच, पण वरची ती रिकामी जागा चोरीची नाही.

मेक्सिको शहराच्या उत्तर टोकाला सान हुआनिको म्हणून वस्ती आहे. पूर्ण नाव सान हुआन इश्वातेपेक. तिथे सरकारी तेल कंपनीचं गॅस साठवणीचं आगार होतं: सहा गोळे आणि अठ्ठेचाळीस आडव्या टाक्या. आपल्याकडे अशा आडव्या टाकीला 'बुलेट' म्हणतात. तिथले लोक 'साल्चीचा' म्हणतात, म्हणजे सॉसेज. खाण्यावरून नाव ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला उगाच आपुलकी वाटते. आगार साठीच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलं, तेव्हा आजूबाजूला मोकळं होतं. मग घरं आली. १९८४ पर्यंत सर्वांत जवळची घरं टाक्यांपासून साधारण १३० मीटरवर होती. विटांच्या, पत्र्याच्या खोल्या, प्रत्येकीत चूल किंवा गॅसची शेगडी.

१९ नोव्हेंबर १९८४, सोमवार. पहाटे आगारातला एक पाइप फुटला. गॅस जमिनीलगत पसरत राहिला आणि आगारातल्याच जळत्या ज्योतीला जाऊन भिडला. नंतर एकामागून एक टाक्या फुटत गेल्या. विद्यापीठाच्या भूकंपमापकावर ते धक्के उमटले आहेत: पहिला सकाळी ५.४४ ला, शेवटचा ७.०१ ला. लोक अंथरुणात होते. काही टाक्या एका टोकाला फाटल्या आणि रॉकेटसारख्या उडाल्या. एक तर १२०० मीटर लांब जाऊन पडली. सुमारे ५०० माणसं मेली, सात हजारांच्या आसपास जखमी झाली. कित्येकांची ओळखच पटली नाही, त्यांना एकत्र पुरलं.

या घटनेचं नाव मी पंचविशी उलटेपर्यंत ऐकलं नव्हतं. तारीख पाहिली आणि कारण कळलं. बरोबर दोन आठवड्यांनी, २ डिसेंबरच्या रात्री, भोपाळ झालं. जगाच्या आणि आपल्या डोळ्यांसमोर मग दुसरं काही उरलंच नाही. माझ्या वर्गात भोपाळवर निबंध लिहून घेतला होता. सान हुआनिकोवर कुणी कशाला लिहून घेईल.

टाक्या फुटण्याआधीच्या त्या वेळात लोक काय करतात? एकतर पळतात, किंवा बघायला येतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात किंगमन नावाच्या गावी ५ जुलै १९७३ ला प्रोपेनच्या रेल्वे वाघिणीला आग लागली. आग लागल्यापासून वाघीण फुटेपर्यंत अर्धा तासही गेला नाही. पाण्याचे मोठे फवारे उभे करण्याच्या खटपटीत असलेले ११ अग्निशामक त्यात गेले, आणि बाजूच्या हमरस्त्यावर गाड्या थांबवून बघत उभे राहिलेले कितीतरी लोक भाजले. त्या स्फोटाची चित्रफीत पुढे जगभरच्या प्रशिक्षणांत दाखवली गेली. बाबांनी ती पाहिलेली आहे. त्यांना त्यातला गोळा आठवत नाही, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाड्या आठवतात.

मुंबईला हे नवं नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली. त्यात कापूस होता आणि चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. ती गॅसची गोष्ट नाही, पण तो वेळ तोच. दुपारी धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी जहाज उडालं, आणि मधल्या वेळात फवारे धरून उभे असलेले दलाचे ६६ लोक गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. त्या दिवशी बाबा शर्टाला छोटा झेंडा टाचून घरी यायचे, आणि तो झेंडा माझ्या कंपासपेटीत जायचा.

'सिलिंडरचा स्फोट' अशी बातमी आली की बाबा अजूनही चिडतात. "फोटो बघ," म्हणतात. फोटोत बहुधा भिंत पडलेली असते, खिडक्या उडालेल्या असतात आणि कोपऱ्यात बाटला अख्खा उभा. "बाटला कुठे फुटलाय? खोली फुटलीय." गॅस रात्रभर गळला, खोलीत साठला, कुणी दिव्याचं बटण दाबलं. हवेत दोनेक टक्के गॅस पुरतो. त्यात टाकीचा काही दोष नसतो. खरे बाटले फुटतात ते आगीत सापडले की. २०१५ च्या डिसेंबरात कांदिवलीच्या दामू नगरात झोपड्या जळाल्या तेव्हा बाटले एकामागून एक वाजत होते. ती बातमी टीव्हीवर बघताना बाबांनी आवाज बंद केला होता. "किती मोजायचे," एवढंच म्हणाले.

रस्त्यावर मात्र माझी स्वतःची कथा आहे, तीही न घडलेल्या गोष्टीची. पुण्याहून येताना घाटात आमची बस एका बुलेट टँकरच्या मागे अडकली. पुढे काहीतरी उलटलं होतं, वाहतूक थांबलेली. तासभर तो टँकर माझ्या खिडकीसमोर. पांढरा, पोटाला लाल पट्टा, मागे गॅस भरायच्या नळ्यांची तोंडं, आणि ती झाकायला एक पातळशी जाळी. मला कन्नूर आठवलं. २७ ऑगस्ट २०१२ च्या रात्री चाला इथे गॅसचा टँकर दुभाजकाला धडकून उलटला होता, त्यात २० माणसं गेली. त्या वेळी मला ठाऊक नव्हतं की डिसेंबर २०२४ मध्ये जयपूरजवळ भांक्रोट्याला एक ट्रक वळणाऱ्या गॅसच्या टँकरवर आदळेल, मागची ती नळ्यांची तोंडंच तुटतील आणि गॅसचा ढग पहाटेच्या महामार्गावर पसरून ओळीने उभ्या गाड्यांसकट पेटेल. तिथे टाकी फाटलीच नव्हती. रेघ जागेवर होती आणि माणसं मेली.

आमच्या बसमधले लोक खाली उतरून चहा शोधत होते. एकाने टँकरच्या चाकाशी उभं राहून बिडी पेटवली. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? टँकर गळत नव्हता, आणि न गळणाऱ्या टाकीला बिडीने काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प बसले ते ज्ञानामुळे नाही, संकोचामुळे. टँकरचा चालक उतरला, त्याने त्या माणसाला एक शिवी हासडली आणि परत वर चढला.

फेझांनंतर बरंच बदललं. गोळ्याखालची जमीन आता उतरती करतात, म्हणजे सांडलेलं लिक्विड पोटाखाली न थांबता दूर वाहून जावं आणि तिथे पेटावं. पायांना आग न लागणारा गिलावा. वरून फवाऱ्यांची कडी. आणि अलीकडे बुलेट टाक्या सरळ मातीच्या ढिगात पुरतात. त्यावर गवत उगवतं. मातीतून ज्वाळा पत्र्याला चाटूच शकत नाही, मग रेघ कुठेही असो. कारखान्याच्या कुटुंबमेळ्यात बाबांनी असा एक ढीग आईला दाखवला होता. "म्हशी लोळतायत जणू," ती म्हणाली. त्याच मेळ्यात मी उतरती फरशी पाहिली. एरवी ती कुणाच्या लक्षातही आली नसती. पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून असेल, असंच वाटलं असतं.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला. जोडणीवाल्या मुलाने भिंतीला भोक पाडलं, मीटर बसवलं, आणि जाताना आईला सांगितलं की हा गॅस हवेपेक्षा हलका आहे, खिडकी वरून उघडी ठेवा. आईने मान डोलावली. बाबा खुर्चीत बसून सगळं बघत होते. एक कान आता पुरता गेलाय, दुसऱ्या कानाशी जाऊन बोलावं लागतं. मुलगा गेल्यावर त्यांनी मीटरवर बोटाच्या पेराने टक टक केलं.

"यात लिक्विड नाही," ते म्हणाले.

"मग चांगलंच की," आई म्हणाली.

"संपत आला की कळायचं कसं?"

"हा संपत नाही, बाबा," मी त्यांच्या चांगल्या कानाशी म्हटलं. "महिन्याला बिल येतं."

बाटला एजन्सीत परत करायला माणूस आला, तेव्हा आईने सवयीने फडकं ओलं केलं आणि बाटल्यावरून फिरवलं. आम्ही तिघंही उभे राहिलो. रेघ पार तळाशी उमटली, दोन बोटं. माणूस दारात खोळंबला होता. त्याने बाटला खांद्यावर घेतला, आणि त्याच्या जागी फरशीवर गंजाचं एक गोल कडं राहिलं. आईने ते चिंचेने घासलं, लिंबाने घासलं, मग नाद सोडला आणि त्यावर तांदळाचा डबा ठेवला.